मदत हवी आहे: जुन्या सुरीचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलंय का?

आधी आईची, आता माझी अशी एक सुरी आहे. ओली राहिली की लगेच तांबूस डाग पडतात, म्हणजे स्टेनलेस नाही, साधं पोलाद. मागच्या महिन्यात तिला मशीनच्या चाकावर धार लावून घेतली (चूक झाली, मान्य). ठिणग्या उडत होत्या, थंड करायला पाणी मात्र कुठे दिसलं नाही. घरी येऊन बघते तर टोकाकडे दीडेक सेंटीमीटर निळसर-जांभळी झाक. तेव्हापासून तेवढाच भाग दोन दिवसांत बोथट होतो. मुठीकडची धार अजून कागद सर्रकन कापते.

धारेच्या १००० नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तितका दगड बारीक) अर्धा तास घासलं, पण फरक शून्य. ही कायमची गेली का? शिवाय मूठ हलते. रिव्हेट (मूठ पात्याला धरून ठेवणारे खिळे) जागेवर आहेत, पण लाकूड आणि पोलाद यांच्यात नख जाईल एवढी फट पडलीय.

"नवीन घे" हे घरात रोज ऐकतेय, इथे नको.

प्रतिसाद १
पाणी उतरलंय, पण तेवढ्याच भागाचं. निळा रंग म्हणजे पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं आणि मऊ पडलं. नुसता रंग घासून काढल्याने कडकपणा परत येत नाही. खात्री करायची तर बारीक कानस टोकाकडे आणि मुठीकडे हलकेच फिरवून बघा, टोकाकडे ती जास्त चावेल. मऊ भाग झिजवूनच काढावा लागतो. २२० ते ४०० नंबरचा दगड घ्या, भरपूर पाणी घाला आणि घाई करू नका. १००० चा दगड त्यानंतरचा. पात्याची रुंदी ४ सेंमी असेल तर पाठ १ सेंमी उचला, साधारण १५ अंशांचा कोन होतो. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली की बाजू बदला. धारेला मार्करने रंगवून दोन हात मारलेत तर दगड नेमका कुठे लागतोय ते कळेल.

मुठीच्या फटीत आत गंज असणार. गंज फुगतो आणि लाकूड ढकलतो. वरून गोंद भरू नका, ओल आतच कोंडेल. रिव्हेट काढा, गंज खरवडा, मग नव्याने बसवा.

धागाकर्ती
मार्कर लावून बघितला. काठावरची शाई जशीच्या तशी, पुसली गेली ती वरची! म्हणजे अर्धा तास मी पात्याचे गालच घासत होते. जाड दगड आणते. मुठीचे रिव्हेट घरच्या ड्रिलने निघतील का?