मुलगा विचारतो, ‘खोटे धन्यवाद कशाला?’ कौटुंबिक उपकारस्तुतीविषयी मार्गदर्शन हवे

वडगावशेरीची एक आई

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती असून गेली १५ वर्षे पुण्यात वडगावशेरीला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे, १२ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी आहे. रात्री जेवणानंतर कौटुंबिक उपासना करण्याची पद्धत सासऱ्यांच्या काळापासून चालत आली आहे: एक गीत, शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने देवाचे उपकार मानायचे (म्हणजेच उपकारस्तुती) आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. गेल्या काही महिन्यांत उपकार मानण्याचा भाग वर्गातल्या हजेरीसारखा झाला होता. मुलगा “घराबद्दल, जेवणाबद्दल, आईबाबांबद्दल धन्यवाद, आमेन” असे एका दमात म्हणून पाणी प्यायला उठत असे, आणि मुलगी त्याचेच शब्द पुन्हा म्हणत असे. खरे सांगायचे तर माझेही फारसे निराळे नव्हते.

जूनमध्ये यजमानांची चाकणच्या एका कारखान्यातील नोकरी गेली. त्यानंतर एका रात्री मुलाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “मी नाही म्हणणार. बाबांची नोकरी गेली, ते रात्रभर जागे असतात, आणि आपण रोज धन्यवाद म्हणतो. खोटं कशाला बोलायचं?” सासूबाईंना हे फार लागले आणि त्यांनी त्याला कृतघ्न म्हटले. यजमान काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून आमची उपासना गीत आणि प्रभूची प्रार्थना यांवरच आटोपते. मुलावर सक्ती करावी असे मला वाटत नाही, पण हा भाग घरातून कायमचा गळून जावा असेही वाटत नाही. आपापल्या घरी आपण हे कसे करता?

रास्ता पेठेतील निवृत्त शिक्षिका

ताई, सासूबाईंचा मान राखून सांगते, पोराला कृतघ्न म्हणू नका. ज्याला काहीच वाटत नाही ते मूल एका दमात म्हणून मोकळे होते. तुमचा मुलगा अडला, कारण तो काय बोलतो आहे हे त्याला ऐकू येऊ लागले आहे.

माझे माहेर पाथर्डीकडचे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी १० वर्षांची होते. आई रोज भाकरीसाठी परातीत पीठ घेतले की त्यातली एक मूठ डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकत असे, आणि टाकताना आदल्या दिवसाची एखादी गोष्ट मोठ्याने सांगत असे: “शेळी व्याली.” “धाकट्याचा ताप उतरला.” “मामाचं पत्र आलं.” धन्यवाद हा शब्द ती क्वचितच उच्चारी. रविवारी तो डबा देवळात (चर्चमध्ये) जाई आणि तेथून, ज्या घरी चूल पेटलेली नसेल, तेथे ते पीठ पोहोचे. दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले आणि घरात रेशनची तांबडी मिलो (परदेशी ज्वारी) आली. मग मूठ अर्धी झाली, काही दिवस तर नुसती चिमूट राहिली, पण डबा फळीवरून हलला नाही. मी एकदा वैतागून विचारले, “या मिलोबद्दल पण उपकार मानायचे का?” आई म्हणाली, “मिलो आली याबद्दल मानायचे. चवीबद्दल देवाला सांगायचं, की बाबा, जोंधळा पाठव.”

मी ३० वर्षे शाळेत शिकवले आणि तेथेही हेच पाहिले, की मुलांना मोठा प्रश्न विचारला की ती पाठ केलेले उत्तर देतात. “कशाकशाबद्दल धन्यवाद द्याल?” हा मोठा प्रश्न आहे. त्याऐवजी “आज काय घडले?” असे विचारून पाहा. घराबद्दल रोज नवे काय बोलणार? पण आज नळाला पाणी आले नाही आणि शेजारच्या काकूंनी दोन हंडे भरून दिले, हे आजचेच असते. पवित्र शास्त्रातल्या १०३ व्या स्तोत्रात भक्त स्वतःच्याच जिवाला बजावतो, की त्याचे उपकार विसरू नको. जे आपोआप आठवते ते कोणी स्वतःला बजावत नाही. आणि त्या काकूंचे आभार दुसऱ्या दिवशी मुलानेच जाऊन मानावेत. देवाची उपकारस्तुती तासभर करून माणसांचे उपकार विसरणारी घरे मी आमच्याच मंडळीत पुष्कळ पाहिली आहेत.

वानवडीचे एक वडील

बाईंचा अनुभव वाचून भरून आले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. मनात येईल तेव्हाच उपकार मानायचे असे ठरवले, तर आमच्या घरी महिन्यातून दोनदा प्रार्थना होईल. मुलाने ठरलेली दोन वाक्ये म्हणावीत, अर्थ मागाहून येतो. माझे आजोबा रोज जे म्हणत ते मला चाळिशीत उमगले. पण तोवर ते पाठ होते, म्हणून उमगले. एकदा सूट दिली की ती धाकटीही मागेल.

ईश्वरविज्ञानाचा एक विद्यार्थी

वरील बंधूंचा मुद्दा टाकाऊ नाही, कारण स्तोत्रे ही पाठ करण्यासाठीच आहेत. १३६ व्या स्तोत्राच्या २६ ही ओव्यांत एकच पालुपद येते, आणि बहुतेक ओव्यांच्या पूर्वार्धात एक नवी घटना सांगितलेली आहे. पालुपद ठरलेले असावे आणि घटना ताजी असावी, अशी ती रचना आहे. आपल्या ‘उपकारस्तुती’ या शब्दाचाही क्रम तोच आहे: आधी केलेला उपकार सांगायचा, मग करणाऱ्याची स्तुती.

मात्र मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायला हवे. प्रेषित पौल थेस्सलनीका येथल्या मंडळीला पत्रात लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. येथे ‘स्थितीत’ असे आहे, ‘स्थितीबद्दल’ असे नाही. इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्याविषयीही लिहिले आहे, हे मी लपवणार नाही. पण त्या ओवीच्या जोरावर १२ वर्षांच्या मुलाकडून बाबांची नोकरी गेल्याबद्दल धन्यवाद वदवून घेणे मला क्रूरपणाचे वाटते. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्यांची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. १३ व्या स्तोत्राच्या आरंभीच्या दोन ओव्यांत भक्त देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, आणि सहाव्या ओवीत त्याच तोंडाने देवाच्या उपकारांचे गीत गातो. ८८ व्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत अंधारच आहे, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या मुलाने जे विचारले ते या स्तोत्रांच्या भाषेतलेच आहे. फक्त त्याने ते तुम्हांला विचारले, देवाला विचारले नाही. त्याला तसे विचारू द्यावे. आधी गाऱ्हाणे आणि मग उपकार, असा क्रम ठेवला तर खोटे बोलण्याचा प्रश्न उरत नाही.

आणखी एक. ज्या रात्री प्रभूला धरून दिले, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकार मानून ती मोडली. प्रभुभोजनाचे, म्हणजे त्या रात्रीच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, प्राचीन ग्रीक नावही ‘उपकारस्तुती’ या अर्थाचेच आहे. आपण वेदीजवळ जातो तेव्हा त्या रात्रीचे सावट जेवणावरून पुसून टाकत नाही, हे मुलाला जरूर सांगावे.

रामवाडीहून

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात घालून दिलेली दिनपरीक्षणाची पद्धत आहे, आणि तिची पहिली पायरीच मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. आम्ही मुलांसोबत ती अगदी साधी करून वापरतो: सकाळी उठल्यापासूनचा दिवस क्रमाने आठवायचा आणि कोठे थांबावेसे वाटते ते पाहायचे. १० मिनिटे पुरतात. सगळ्यांनी बोललेच पाहिजे असा नियम मात्र ठेवू नका. आमचा थोरला पहिले दोन महिने नुसता बसून असे.

वडगावशेरीची एक आई

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. १३ वे स्तोत्र वाचायचे असे मी म्हटले तेव्हा सासूबाईंना ते पटले नाही. देवाला असे विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटले. त्यांनी चष्मा लावून स्वतःच्या जुन्या पवित्र शास्त्रात ते शोधून काढले, मनातल्या मनात दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “आहे खरं.” त्यानंतर, आश्चर्य म्हणजे, सर्वांत आधी यजमान बोलले. त्यांनी उपकार मानलेच नाहीत. मुलाखत दिलेल्या दोन ठिकाणांहून फोन आला नाही, आणि आपल्याला भीती वाटते, एवढेच त्यांनी मोठ्याने सांगितले. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून हे प्रथमच निघाले. मुलगा त्या दिवशी गप्प होता. मंगळवारी मात्र तो म्हणाला, की बाबा दुपारी घरी होते म्हणून त्यांनी त्याला सायकलचे पंक्चर काढायला शिकवले, पण त्यांना नोकरी मिळालेली त्याला जास्त आवडेल. सासूबाईंनीच त्यावर आमेन म्हटले.

बाईंच्या आईंची मूठही आम्ही सुरू केली आहे. आमच्याकडे भाकरी रोज होत नाही, म्हणून तांदळाची. काल ती मुलाने घातली. त्याची मूठ माझ्यापेक्षा मोठी झाली आहे हे माझ्या लक्षातच आले नव्हते. या महिन्यात तांदूळ थोडे जपून वापरावे लागतील.