मदत हवी आहे : यूट्यूबवरच्या रेसिपी चॅनलला दोन आठवडे सुट्टी दिली तर चालेल का?

पोळपाट : आठवड्याला तीन व्हिडिओ, रोज एक शॉर्ट. आता झोप लागत नाही, ट्रायपॉड लावायचा म्हटलं तरी नको वाटतं. सुट्टी घेतली तर मॉनेटायझेशन, म्हणजे जाहिरातींचे पैसे मिळणं, जाईल का? लवकर सांगा, शुक्रवारी अपलोड आहे.

निवांत : मॉनेटायझेशन चालू झालंय, की अजून त्यासाठीचे ४००० तास (लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे) भरायचेत? एडिटिंग कोण करतं?

कोकणकडा : माईक कोणता वापरता? कॉलर माईक घ्याच, फोडणीच्या आवाजात बोलणं बुडतं.

पोळपाट : चालू आहे. एडिटिंग मीच करते. माईकचं विचारलेलं नाही.

निवांत : मग दोन आठवड्यांनी जात नाही. सहा महिने किंवा जास्त काळ ना व्हिडिओ ना कम्युनिटी पोस्ट (चॅनलवरची साधी पोस्ट) असं झालं, तर यूट्यूब ते काढू शकतं. फोर-के शूट करता का? एडिटिंगच्या मशीनची रॅम किती?

पोळपाट : फोर-के, ८ जीबी. आठ मिनिटांच्या व्हिडिओला दोन दिवस जातात.

निवांत : खरा जीव तिथे जातोय. फोर-केच्या फाइल जड असतात; १०८० वर शूट करा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या शटरला ट्यूबलाइट लुकलुकत नाही. जुन्या फोर-के क्लिपांचे आधी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवा आणि त्यांच्यावर कापाकापी करा. एक्सपोर्टच्या वेळी मात्र मूळ फाइल निवडलीय ना ते बघा, नाहीतर चित्र धुरकट येतं.

रस्सा_वाढा : तांत्रिक उपायांनी थकवा जात नाही. रोजचा शॉर्ट आधी बंद करा. आणि वाटण एकदाच भाजा : कांदा-खोबऱ्याच्या एका वाटणात मसाल्याचं वांगं आणि मिसळीचा कट, दोन्हींचं शूट एकाच दिवशी उरकतं. आंबवायचे पदार्थ त्यात घुसवू नका, पीठ तुमच्या वेळेला फुगत नाही.

निवांत : दोन दिवसांचं एडिटिंग तसंच राहिलं तर एका दिवसात दोन शूट करून फक्त न कापलेल्या क्लिपांचा ढीग वाढेल.

कोकणकडा : मिसळीच्या कटात खोबरं कमीच हवं, नाहीतर तर्री सुटत नाही.

रस्सा_वाढा : सुकं खोबरं खरपूस भाजलं की सुटते.

सावली : तर्री राहू द्या. पोळपाटताई, झोप किती दिवस नाही? दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या, थकवा तिथूनही येतो. रात्री फार घालमेल झाली तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलतात. यूट्यूब स्टुडिओ अॅपचे नोटिफिकेशन आजच बंद करा. घाण कमेंटमध्ये हमखास येणारे शब्द ब्लॉक केलेल्या शब्दांत टाका, म्हणजे त्या कमेंट सरळ दिसत नाहीत.

पोळपाट : तीन आठवडे झाले. उद्या डॉक्टरांची वेळ घेते. शेड्यूल केलेले चार शॉर्ट काढून टाकू का?

निवांत : काढू नका. तारखा बदला, सुट्टीत तीन दिवसांआड एक जाऊ दे. शुक्रवारचा व्हिडिओ तयार नसेल तर एक कम्युनिटी पोस्ट टाका, परत कधी येणार त्या तारखेसकट.