मदत हवी आहे : बाबांच्या कानाच्या मशीनचा टीव्हीवाला डबा

रामबागकर : बाबांना नवीन मशीन घेतलं. जुन्याबरोबरचा, टीव्हीचा आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये पाठवणारा डबा नुसता पडून आहे. दुकानदार परत घेत नाही. विकू, दान करू की ठेवू? लवकर सांगा, रविवारी आवराआवर आहे, आई थेट भंगारात घालेल.

सुदामानगरची_ताई : कंपनी कुठली? नवीन मशीन त्याच कंपनीचं आहे का?

पोहेजिलेबी : त्यात काय, ब्लूटूथच तर आहे! मोबाईलला जोडा, गाणी ऐका.

ताई : नाही हो. हे डबे आपापल्या कंपनीच्या मशीनशीच बोलतात. तीच कंपनी असली तरी जुन्या पिढीच्या मशीनला चालेलच असं नाही.

पोहेजिलेबी : माझा साधा हेडफोन कुठल्याही टीव्हीला लागतो.

ताई : हेडफोन वेगळा, भिया. मुद्दा समजून घ्या.

निवृत्त_मास्तर : मशीनच्या सेलचं स्टिकर निघालं की हवा लागून सेल सुरू होतो, परत चिकटवून उपयोग नाही. आमच्या हिने वर्षभर चिकटवले. नारंगी स्टिकर म्हणजे १३ नंबर, तपकिरी म्हणजे ३१२.

रामबागकर : मास्तर, सेलचं कोण विचारतंय? डबा फोनाकचा आहे, नवीन मशीन दुसऱ्या कंपनीचं.

ताई : मग तुमच्या घरात तो निरुपयोगीच. आणि जुनी मशीनं?

रामबागकर : डावं आपल्या इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना पडलं, म्हणून तर दोन्ही नवीन घेतली. उजवं ड्रॉवरमध्ये आहे, चालू आहे.

ताई : अहो, हे आधी सांगायचं ना! उजवं आणि डबा जोडीने द्या. ऑडिओलॉजिस्ट नव्या माणसाच्या ऐकण्यानुसार मशीन लावून देईल. एम.वाय. हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात विचारा.

पोहेजिलेबी : फुकट कशाला? ओएलएक्सवर टाका.

लोकमान्यनगर_२ : थांबा! माझ्या आईचं मशीन फोनाकचं आहे, अलीकडचंच. मला नुसता डबा हवा. बटण दाबून, मशीन बंद-चालू केलं की जोडला जातो ना? आमच्या घरी टीव्हीचा आवाज इतका असतो की शेजारच्यांनाही मालिकेची कथा पाठ आहे.

ताई : आधी मॉडेल जुळतं का ते ऑडिओलॉजिस्टकडून बघून घ्या.

लोकमान्यनगर_२ : बघते. रामबागकर, ऑप्टिकल वायर आणि चार्जर आहे ना सोबत?

रामबागकर : टोकाला लाल उजेड येणारी ती वायर? भाचा तलवार म्हणून वडोदऱ्याला घेऊन गेलाय. चार्जर आहे.

लोकमान्यनगर_२ : वायर मी घेईन. शनिवारी संध्याकाळी येऊ?

रामबागकर : या. आई उठायच्या आत आलात तर बरं.

निवृत्त_मास्तर : संध्याकाळी उठते तुमची आई?