भरतीच्या वेळी अघनाशिनीच्या खाडीत होड्या न्याव्यात का?

खानापूरकर:
बेळगावहून दर हिवाळ्यात किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांत मीही असतो, त्यामुळे ही तक्रार प्रथम माझ्याविरुद्धच आहे. कुमठा तालुक्यातील अघनाशिनीच्या खाडीला २०२४ च्या जानेवारीत रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तुतारी, चिखल्या यांसारखे पाहुणे पक्षी किडे आणि शिंपले टिपत खाडीभर पांगलेले असतात. भरती चढली की हा चारा पाण्याखाली जातो आणि सगळे थवे उरलेल्या वाळूच्या उंचवट्यांवर दाटीवाटीने विसावतात. होडीला पुरेसे पाणी आणि थवा एकत्र, म्हणून छायाचित्रासाठी आपण नेमकी हीच वेळ निवडतो. उठवलेल्या थव्याला उतरायला दुसरी जागा नसते; तो घिरट्या घालत राहतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच जाळतो. भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास पर्यटकांच्या होड्या थांबवाव्यात, असे माझे मत आहे.

निपाणीकर:
मला हे पटत नाही. तिसऱ्या (शिंपले) वेचणारे, मासेमार आणि खाऱ्या पाण्यातही तग धरणारा कग्गा भात पिकवणारे शेतकरी यांच्या राबत्यातच हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. खाडीकाठच्या तदडी गावच्या औष्णिक वीज प्रकल्पाला विरोध केला तोही तिथल्याच लोकांनी. आता बेळगावकरांनी जाऊन त्यांच्या होड्यांचे वेळापत्रक ठरवावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खानापूरकर:
तिसऱ्या वेचणारे ओहोटीला उतरतात. त्या वेळी पक्ष्यांना बाजूला सरकून चरायला मोकळा चिखल असतो, म्हणून त्यांची आणि आपली तुलना होऊ शकत नाही. शिवाय मी मासेमारांच्या नव्हे, आपल्या होड्यांविषयी बोलतो आहे.

गोकाकवासी:
घटप्रभेवरील धुपदाळचा बंधारा १८९७ चा, म्हणजे ती पाणथळ माणसानेच घडवलेली. तरी हिवाळ्यात कांड्या करकोचे तिथे उतरतात. दिवसा शेतात चरून ते पाण्याकाठी विसाव्याला येतात, तेव्हा काठावरूनही ते उत्तम दिसतात. माझ्या मते बंदीपेक्षा थव्यापासून अंतर ठरवावे आणि ते पाळण्याची जबाबदारी होडीवाल्यावरच सोपवावी. (छायाचित्रकार ‘अजून थोडे पुढे’ म्हणतो तेव्हा तो किती ठाम राहील, ही शंका मलाही आहेच.)

निपाणीकर:
अंतराची अट मला मान्य आहे, वेळेची नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ज्या दिवशी ती सकाळी अकराला येईल, त्या दिवशी नऊ ते एक होडी बांधून ठेवायची आणि पर्यटकांची गाडी दुपारी परतणार. त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

खानापूरकर:
आपण द्यावी. ठरलेले भाडे हातावर ठेवून काठावर दुर्बीण लावून बसावे.

निपाणीकर:
होडीत न बसता भाडे देणारे बेळगावकर मी अजून पाहिलेले नाहीत. डिसेंबरच्या सहलीत तुम्ही आधी द्या, मग मी माझे मत बदलीन.