फर्नेस दुरुस्त करावी की बदलावी?

नेपरव्हिलकर

नमस्कार. शिकागोजवळ नेपरव्हिल येथे आम्ही गेल्या वर्षी जुने घर घेतले. बेसमेंटमध्ये घर उबदार ठेवणारी, गॅसवर चालणारी फर्नेस आहे. तिच्या आतल्या पाटीवर २००६ हे साल, १,००,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) इनपुट आणि ८०,००० बीटीयू आउटपुट असे छापलेले आहे. थंडी वाढली तशी ती रुसू लागली. थर्मोस्टॅटचा इशारा मिळताच आधी छोटा पंखा फिरतो, इग्नायटर लालभडक होतो, बर्नर पेटतात आणि काही सेकंदांतच विझतात. असे तीनदा झाले की फर्नेस बराच वेळ गप्प बसते आणि सर्किट बोर्डावरचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत राहतो. एका पहाटे घरातले तापमान ५८ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरले होते.

बोलावलेल्या टेक्निशियनने आतली एक सळई काढून साफ केली आणि फर्नेस लगेच सुरू झाली. मात्र निघताना त्याने सांगितले की हीट एक्स्चेंजरला तडा गेला असून तो जीवघेणा ठरू शकतो, आणि एसीही त्याच वयाचा असल्याने दोन्ही एकदम बदलावेत. किंमत १४,००० डॉलर, आणि त्याच दिवशी सही केल्यास १,५०० ची सूट. तडा त्याने आम्हाला दाखवला नाही आणि गॅसही बंद केला नाही. सध्या आई-बाबा पुण्याहून आलेले आहेत आणि घरात लहान मूल आहे, त्यामुळे धोका पत्करायचा नाही. पण केवळ घाबरून सहीही करायची नाही. साधा बिघाड कोणता आणि बदलण्याची वेळ आल्याची खूण कोणती, हे आपल्यासारख्या माणसाने कसे ओळखावे?

बेसमेंटवासी

इमारतींच्या हीटिंग यंत्रणा हे माझे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या टेक्निशियनने त्या एकत्रच राहू दिल्या.

बर्नर पेटून लगेच विझणे हे बहुतेक वेळा फ्लेम सेन्सर काळवंडल्याचे लक्षण असते. ज्योतीत उभी असलेली ती बारीक सळई ज्योतीतून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजते. तिच्यावर पुट चढले की प्रवाह घटतो, बोर्डाला वाटते की ज्योत पेटलीच नाही, आणि न जळलेला वायू साचू नये म्हणून तो गॅस तोडतो. म्हणजे यंत्रणा आपले काम चोख करत होती. सळई बारीक स्टील वूलने घासली की काम भागते, आणि त्याचा हीट एक्स्चेंजरशी काहीही संबंध नाही. तडकलेला इग्नायटर, प्रेशर स्विच, ब्लोअरचा (गरम हवा घरभर ढकलणाऱ्या पंख्याचा) कपॅसिटर हे बिघाडही याच जातीचे आहेत. त्यांनी घर गारठते खरे, पण त्यांपैकी एकासाठीही पूर्ण फर्नेस बदलावी लागत नाही. दिवा किती वेळा लुकलुकतो त्याचा अर्थ बहुधा फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूस छापलेला असतो. टेक्निशियन येण्यापूर्वी तो वाचून ठेवावा.

फर्नेस काही मिनिटे चालून वारंवार बंद होत असेल, तर सर्वप्रथम फिल्टर पाहावा. हवा पुरेशी खेळली नाही की आतला भाग तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. आपल्या घरांत रोजची फोडणी, तळण आणि उदबत्ती असते. रिटर्नची, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत ओढणारी जाळी स्वयंपाकघराजवळ असेल तर पाकिटावर लिहिलेले तीन महिने विसरावेत आणि दर महिन्याला फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा.

आता तड्याविषयी. हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्याच्या आतून जळालेला वायू आणि बाहेरून घरातली हवा जाते तो धातूचा भाग. वर्षानुवर्षे तापून-निवून तो वाकांजवळ आणि जोडांजवळ फाटतो, आणि मग जळालेल्या वायूतला विषारी कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत मिसळण्याची भीती असते. तपासाची एक खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. बर्नर पेटल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो. तोवर निळ्या आणि स्थिर असलेल्या ज्योती त्याच क्षणी फडफडू लागल्या, पिवळ्या झाल्या किंवा बाहेरच्या बाजूस झेपावल्या, तर आत हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. ज्योती स्थिर राहिल्या म्हणजे तडा नाहीच, असे मात्र नाही. त्यासाठी आत कॅमेरा घालून पाहावे लागते आणि फ्लूमधल्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीतल्या) कार्बन मोनॉक्साइडचे मोजमाप करावे लागते. खरा तडा सापडला तर छायाचित्र देण्यात टेक्निशियनला कसलीच अडचण नसते. आणि ज्याला तडा जीवघेणा वाटतो तो माणूस फर्नेस चालू ठेवून निघून जातो, हे मला पटत नाही.

तरीही दुसरे मत मिळेपर्यंत सावध राहा. इलिनॉयमध्ये २००७ पासून प्रत्येक शयनकक्षापासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणे बंधनकारक आहे. तुमच्याकडचे अलार्म आधीच्या मालकाच्या काळातले असतील तर मागची तारीख पाहा, कारण ते पाच ते दहा वर्षांत बाद होतात. शिवाय नेहमीचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासांनी वाजतो आणि त्याहून बऱ्याच कमी पातळीवर गप्प राहतो, म्हणून तो शांत आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊ नका. घरातल्या सर्वांचेच डोके दुखत असेल, मळमळत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर आधी सर्वांनी घराबाहेर पडावे आणि मग ९११ ला फोन करावा. फर्नेस बंद ठेवण्याची वेळ आलीच तर विजेचे हीटर वापरा. ओव्हन उघडा ठेवून किंवा गॅसची शेगडी पेटवून घर तापवू नका.

मिसिसागाकर

वरील मुद्द्याला कॅनडातल्या ऑन्टॅरिओतून दुजोरा देतो. आमच्याकडे परवानाधारक गॅस टेक्निशियनला धोका आढळला तर तो लाल टॅग लावतो. ए प्रकारच्या टॅगमध्ये गॅस तिथल्या तिथे बंद होतो, तर बी प्रकारात दुरुस्तीसाठी मुदत मिळते. तोंडी धमकी आणि लेखी टॅग यांतला फरक ओळखण्यासाठी एवढेच म्हणावे, की जे आढळले ते लिहून द्या आणि सही करा. बरेचसे तडे तिथेच सांधले जातात!

दारावर येऊन फर्नेस विकणाऱ्यांचा इथे इतका उच्छाद झाला होता की १ मार्च २०१८ पासून न बोलावता दारी येऊन असे करार करण्यावर प्रांताने बंदी घातली. ज्येष्ठांच्या हाती सहीसाठी कागद देणारे लोक अजूनही भेटतात, म्हणून आई-बाबांना सांगून ठेवा की घरातले यंत्र पाहू देण्यासाठी कोणालाही आत घ्यायचे नाही.

शॉमबर्गवासी

मी थोडा वेगळा सूर लावतो. तडा असो वा नसो, गॅस फर्नेसचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षांचे धरतात आणि तुमची त्या टोकाशी आलेली आहे. जानेवारी २०१९ च्या अखेरीस शिकागोत पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत घसरला होता. तशा रात्री फर्नेस बंद पडली तर तुम्ही भाव करत नाही. गाडीत जी असेल ती बसवून घेता. त्यामुळे हा हिवाळा काढा, पण एप्रिल-मेमध्ये तीन ठिकाणांहून लेखी अंदाज मागवा.

दुरुस्तीचा खर्च आणि फर्नेसचे वय यांचा गुणाकार ५,००० च्या वर गेला तर बदला, असा एक आडाखा इथे सांगितला जातो. मला तो फारसा पटत नाही, कारण त्यानुसार तुमच्या फर्नेसइतक्या जुन्या यंत्रावर ३०० डॉलरचा इग्नायटर बसवणेही चूक ठरते. माझ्या मते हीट एक्स्चेंजर गेला तर बदलावी, एकाच हिवाळ्यात दोन मोठे भाग गेले तरी बदलावी, आणि बाकी वेळी दुरुस्त करावी. हीट एक्स्चेंजरवर अनेक कंपन्या २० वर्षांची किंवा आजन्म वॉरंटी देतात. परंतु ती बहुधा केवळ सुटा भाग देते, मजुरी देत नाही, आणि घर विकले गेल्यावर तिची मुदत अनेकदा कमी होते. सिरियल नंबर देऊन कंपनीकडे विचारून घ्या. कोणी केंद्र सरकारच्या करसवलतीचे आमिष दाखवले तर हेही ध्यानात ठेवा, की ९७ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेससाठी मिळणारी ६०० डॉलरपर्यंतची सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना लागू नाही.

नेपरव्हिलकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या कंपनीच्या टेक्निशियनने कॅमेरा आत घालून आम्हाला पडद्यावर दाखवले. एका कप्प्यात गंज आहे, पण तडा नाही. ब्लोअर सुरू झाल्यावर ज्योतीही हलल्या नाहीत आणि फ्लूमधले मोजमापही ठीक आले. परत येणारी हवा आणि बाहेर पडणारी गरम हवा यांच्या तापमानातला फरक मात्र ७४ अंश आला, आणि पाटीवर ३५ ते ६५ ची मर्यादा आहे. आधीच्या मालकाने बसवलेला मर्व्ह १३ चा (जास्त बारीक, हवा अडवणारा) एक इंची फिल्टर काढून मर्व्ह ८ चा घातल्यावर फरक ६१ वर आला. अलार्म नवे घेतले आहेत. फर्नेस या हिवाळ्यापुरती ठेवून वसंतात बदलण्याचे ठरवले आहे, आणि ९६ टक्के कार्यक्षमतेची घ्यावी असा विचार आहे. त्याबाबत आणखी काही पाहावे लागेल का? गॅसवर चालणारा वॉटर हीटर शेजारीच आहे आणि दोघांचा धूर एकाच चिमणीत जातो.

बेसमेंटवासी

शेवटचे वाक्य लिहिलेत ते बरे झाले. ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची फर्नेस धुरातली वाफही निववून तिची उष्णता काढून घेते, त्यामुळे तिचा धूर चिमणीत न जाता प्लास्टिकच्या पाइपांनी भिंतीतून बाहेर जातो आणि निवलेले आम्लयुक्त पाणी निचऱ्यात सोडावे लागते. मग त्या मोठ्या चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या थोड्याशा धुराने चिमणी पुरेशी तापत नाही, ओढ कमी पडते, आतून ओल धरते आणि वाईट दिवशी धूर बेसमेंटमध्ये परततो. म्हणजे जो कार्बन मोनॉक्साइड टाळण्यासाठी नवी फर्नेस घेतली, तो शेजारच्या यंत्रातून घरात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक अंदाजपत्रकात चिमणीत योग्य मापाचा लायनर (आतली नळी) घालण्याचा किंवा वॉटर हीटर बदलण्याचा खर्च वेगळा लिहून मागा. ज्या कंत्राटदाराने हा विषय आपणहून काढला नाही, त्याला मी यादीत शेवटी ठेवीन.

दुसरे म्हणजे जुनी १,००,००० ची होती म्हणून नवीही तेवढ्याच इनपुटची घेऊ नका. तिचे आउटपुट ९६,००० होईल, आणि जुनी ८०,००० मध्येच घर उबदार ठेवत होती. घराचा उष्णताभार मॅन्युअल जे या ठरलेल्या हिशेबपद्धतीने काढून त्याचा कागद दाखवायला सांगा. भलत्याच मोठ्या आकाराची फर्नेस सतत चालू-बंद होते आणि आधी खालच्या खोल्या भाजतात, वरच्या गारच राहतात. गावाचा परवाना कंत्राटदाराने स्वतःच्या नावाने काढावा, हेही करारात लिहून घ्या.