आखेनमधले पहिले हिवाळी सत्र : तुमचेही अनुभव लिहा

माझी भाची येत्या ऑक्टोबरात शिकायला जर्मनीतल्या आखेनला निघाली आहे. तिची व्हिसाची आणि ब्लॉक खात्याची (म्हणजे राहण्याखाण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याची) धावपळ पाहताना माझे तिथले पहिले सत्र लख्ख आठवू लागले, म्हणून हा धागा काढते आहे.

पुण्यातून गेलेल्या मला सर्वांत मोठा धक्का बसला तो परीक्षेच्या पद्धतीचा. माझ्या बहुतेक व्याख्यानांना हजेरीची सक्ती नव्हतीच. परीक्षेसाठी आपले नाव आपणच ठरलेल्या मुदतीत नोंदवायचे, तयारी झाली नसेल तर मुदतीतच माघार घ्यायची, आणि यातले काहीही कोणी आठवण करून देणार नाही. मात्र त्याच अनिवार्य परीक्षेत तिसऱ्यांदाही नापास झाले, तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि सहसा देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच विषय घेता येत नाही. एटीकेटीवर पुढे सरकण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांनी हा नियम पहिल्याच आठवड्यात नीट वाचावा, असे मला कळकळीने वाटते. गुणांचा क्रमही उलटा असतो : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास.

व्याख्यान संपले की सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी दचकून मागे पाहिले होते. ती प्राध्यापकांना दिलेली दाद असते, हे शेजारच्या मुलीने सांगितले. गावाच्या मधोमध एलिझेनब्रुनेन नावाची खांबांची देखणी वास्तू आहे आणि तिथल्या नळांतून गंधकाचे गरम पाणी वाहते. तो वास थेट वज्रेश्वरीच्या कुंडांचा! परक्या गावात त्या वासाने मला फार धीर दिला.

तुमच्या वाट्याला काय आले, तेही लिहा.

प्रतिसाद

ताई, रविवारचे राहिले. शनिवारी रात्री दुकाने बंद झाली की सोमवार सकाळपर्यंत दूधसुद्धा मिळत नाही, आणि हे आधी कोणी सांगितलेले नसते. आखेनकरांचे भाग्य असे की बसने व्हाल्सला गेले की नेदरलँड्स लागते आणि तिथली किराणा दुकाने रविवारीही उघडी असतात. मी खोलीही व्हाल्सलाच घेतली होती, कारण भाडे परवडत होते. एका देशात राहायचे, दुसऱ्यात शिकायचे, आणि मधल्या सीमेवर तेव्हा कोणी कागद मागत नसे, ही गोष्ट घरी फोनवर कितीही सांगितली तरी बाबांना पटत नसे.

प्रतिसाद

मी म्युनिकला होतो. तिथे वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ लिहिलेले असले की वर्ग सव्वादहाला सुरू होतो, आणि ‘एस. टी.’ असले की दहाच्या ठोक्याला. ही जुनी विद्यापीठीय रीत अनेक जागी टिकून आहे. वेळेच्या बाबतीत एवढ्या काटेकोर देशात हक्काची पंधरा मिनिटे मिळतात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

प्रतिसाद

माझा मुलगा यंदाच जातो आहे. तूप आणि पेढे बरोबर दिले तर चालतील का? दिवाळीत तो पहिल्यांदाच घराबाहेर असेल.

प्रतिसाद

काकू, देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणि मांस सामानात आणण्यास मनाई आहे; विमानतळावर काढून घेतात. मसाले, चटण्या आणि भाजणी व्यवस्थित बांधून द्या. कोथिंबीर, भेंडी आणि डाळी तिथल्या तुर्की दुकानांत मिळतात.

प्रतिसाद

मला सर्वांत जड गेला तो अंधार. डिसेंबरात साडेआठच्या पुढे उजाडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळते. प्रयोगशाळेतून बाहेर पडावे तर रात्रच झालेली असे, आणि पोटात उगाच कालवाकालव होई. थंडीची तयारी सगळे करून घेतात, अंधाराची कोणी करून घेत नाही. भाचीला सांगा, दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून न राहता उजेडात एक फेरी मारायची. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, तेव्हा या सगळ्याची भरपाई होते.

धागाकर्ती

अंधाराचे अगदी खरे, तिला आजच सांगते. काकू, तुपाची काळजी करू नका. तिथे बिनमिठाचे लोणी उत्तम मिळते आणि ते मंद आचेवर कढवले की घरच्यासारखेच रवाळ तूप होते. फक्त कढवताना किंवा फोडणी करताना खिडकी सताड उघडी ठेवायला सांगा; खोलीच्या छताला धूर ओळखणारी घंटा असते आणि ती मोहरीच्या धुरानेही वाजते.