सप्ताह मोडला म्हणून गार पडली? मग माउली कायले म्हणता?

लेकीची माय, दर्यापूर
गावच्या ग्रुपवर एकानं टाकलं, 'यंदा सप्ताह मोडला, म्हणून देवानं गार पाडली. शिक्षा आहे, भोगा.' रातभर डोळा लागला नाही, म्हणून लिहून राहिली.

गार पडली तवा मी वावरातच होती. हरभऱ्याची सोंगणी आठ दिवसांवर आली होती. बोराएवढी गार, पाच-सात मिनिटं. घाटे फुटून दाणे चिखलात गेले. माही लेक ते टोपल्यात वेचत बसली. तिचा एक पाय जन्मापासून अधू. ती झाली तवा एका महाराजानं सासूले सांगितलं होतं, 'मागच्या जन्मीचं पाप.' १६ वर्षं झाली, ते बोलणं कानातून जात नाही. ज्याले माउली म्हणतो तो एवढ्याशा जिवाचा पाय मोडून कोणता हिशेब चुकता करते? सप्ताह मोडला दोन गटांच्या भांडणात. मी तर तिथं पोळ्या लाटत होती, अन् वावर गेलं माहं!

कास्तकार, कारंजा
ताई, तुमचं दुःख समजते. पण माय मारत नाही काय? पोट्टं विहिरीत वाकलं का आधी थापड देते, मग पोटाशी धरते.

लेकीची माय
भाऊ, माय कायच्यासाठी मारलं ते सांगते. अन् शेजारणीच्या पोट्ट्यानं खोडी केली म्हणून आपल्याले मारत नाही.

मास्तर, अमरावती
उपसागराकडून दमट वारा येतो, वायव्येकडून कोरडा. दोन्ही आपल्यावर भिडले की ढग उंच चढतो आणि थेंब वर गोठतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र झोडपून निघाला. त्या साऱ्या गावांनी सप्ताह मोडले होते?

कास्तकार
ढग कसा बनते ते मलेही समजते, मास्तर. माह्याच वावराच्या धुऱ्याच्या आत काहून पडली, ते सांगा.

संत्रावाला, वरूड
देवाचं राहू द्या. ७२ तासांच्या आत विम्याची तक्रार केली, अजून पंचनाम्याले कोणी फिरकलं नाही. ही कोणाची शिक्षा?

टाळकरी, अकोट
सप्ताह मोडणारं ते भांडण कायनं झालं ते तर बोला! कीर्तनकारानं ५१ हजार मागितले, अर्धे आगाऊ. गाडगेबाबा याच जिल्ह्यांत फिरले, कीर्तनाआधी हातानं गाव झाडत, स्वतःसाठी दमडी घेतली नाही.

मृदंगवाला, मूर्तिजापूर
बाबांचं नाव घेणं सोपं आहे. डिझेल, साथीदार, मृदंगाची पुडी, कोण देते? मी २० वर्षं वाजवून राह्यलो, घरावर अजून टिनच आहेत. डीजेले लाख देता तवा कोणी विचारत नाही.

टाळकरी
डीजेवाला माह्या लेकराले पापी म्हणत नाही! पैसे घेऊन भेव विकणं मले मंजूर नाही.

मृदंगवाला
सगळ्यांले एका दावणीले बांधू नका. माह्या महाराजांनी असं कधी सांगितलं नाही.

मास्तर
गाडगेबाबांचा विषय निघालाच आहे, तर एकुलता मुलगा गेल्याची खबर त्यांना कीर्तनात कळली. कीर्तन थांबलं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. ही कोणत्या पापाची शिक्षा, कोणी सांगावं.

रिद्धपूरकर
आमच्या महानुभाव पंथात हे कोडं असं पडतच नाही. कर्माचं फळ देवता भोगवतात. परमेश्वर कृपाळू, तो जिवाले सोडवते. शिक्षा त्याच्या माथी मारू नका.

लेकीची माय
दादा, म्हणजे लेकीच्या पायाचा दोष पुन्हा तिच्याच कर्मावर आला. फक्त मारणारा हात बदलला.

कास्तकार
आता माहं ऐका. व्यापाऱ्यानं माह्या बापाचा ११ क्विंटल कापूस नेला, चिठ्ठी दिली, पैसे नाही. पोलीस झाले, पुढारी झाले. बाप मरेपर्यंत म्हणे, 'देव पाह्यते.' देव शिक्षाच देत नसल, तर त्या म्हाताऱ्यानं कोणाच्या भरोशावर दिवस काढले? सगळ्यांले माफ करणारा देव लुटणाऱ्याले परवडते, आमाले नाही.

लेकीची माय
हे मले तोडता येत नाही. त्या व्यापाऱ्यासाठी मीही कोप मागीन. पण त्याच्या गोदामावर गार पडली काय, भाऊ? पडली माह्या हरभऱ्यावर.

कास्तकार
नाही पडली. बरं, गारीचं तुमचं मानतो, लेकीचंही. ग्रुपवर त्या पोराले सांगतो, काढ म्हणून. पण देव हिशेब ठेवते, हे मी सोडणार नाही.